नक्वेचं वजन

"तुझ्या घरी ती उपाशी असते, रा-लेसेदी. सरळ सांग डॉक्टरांना."

केनेइल्वे हे म्हणाली तेव्हा दवाखान्याच्या व्हरांड्यात एका दांडग्या कुत्र्याचं वजन चाललं होतं. जमिनीलगतच्या रुंद काट्यावर तो उभा राहायला तयार नव्हता आणि मालक त्याला मागून ढकलत होता. मोलेफीने बायकोकडून, म्हणजे पूर्वीच्या बायकोकडून, तोंड फिरवलं. त्याने किल्ल्यांचा जुडगा मुठीत आवळला. दोघांच्या मध्ये त्यांची लेसेदी बसली होती. गेल्या हिवाळ्यात वाढत्या अंगाचा म्हणून घेतलेला शाळेचा स्वेटर या हिवाळ्यातही तिच्या बोटांवर येत होता. तिच्या मांडीवर भोकं पाडलेला डबा होता आणि डब्यात नक्वे.

त्यांच्या भाषेत नक्वे म्हणजे बिबट्या. नाव भारदस्त, अंगावर ठिपकेही तसेच, पण जीव बोटाएवढा. लेपर्ड गेको जातीची ही पाल लेसेदीला वाढदिवसाला मिळाली होती. तिच्याच बरोबर अंड्यातून निघालेली दुसरी पाल मैत्रिणीच्या घरी चांगली वीतभर झाली. हिची शेपूटसुद्धा भरत नव्हती.

लग्न मोडलं तेव्हा कोर्टाने पोरीचे आठवडे वाटून दिले. एक आईचा, एक बापाचा. मूल झालं की आईबापाला मुलाच्या नावाने हाक मारायची रीत, रा-लेसेदी म्हणजे लेसेदीचा बाप. ती तेवढी टिकली होती, बाकी सगळं संपलं होतं. एकमेकांच्या उंबऱ्याला पाय लावायचा नाही असा दोघांचा हट्ट. म्हणून दर शुक्रवारी पेट्रोल पंपावर पोरीची देवघेव व्हायची. पोरीसमोर पोरीवरून भांडू नका, असं समुपदेशक बाईंनी बजावलं होतं. हे मात्र दोघांनी अगदी प्रामाणिकपणे पाळलं. ते पालीवरून भांडायचे.

केनेइल्वे गाडीच्या बॉनेटवर स्वयंपाकघरातला वजनकाटा मांडायची आणि चारचौघांदेखत नक्वेला त्यावर ठेवायची. किम्बर्ली हे एकेकाळचं हिऱ्यांच्या खाणींचं गाव, त्यामुळे पंपावरची पोरं म्हणायची, "मावशी, किम्बर्लीत अजून हिरे निघतात वाटतं." तिला हसू यायचं नाही. काटा हलला नाही की ती मोलेफीला म्हणायची, तुझ्या घरी गारठते ती. पुढच्या शुक्रवारी तो विचारायचा, तू हिला काय चारतेस, वारा? मग त्याने मोठी काचपेटी आणली. तिने त्याहून मोठी आणली. त्याने खालून ऊब देणारी गादी घातली, तिने लपायला दोन गुहा केल्या. रातकिडे, अळ्या, कॅल्शियमची पूड, दोन्ही घरांत कशाला म्हणून कमी नाही. पाल होती तेवढीच राहिली. मधल्या मध्ये पोर डबा छातीशी धरून या गाडीतून त्या गाडीत बसायची आणि दोघांपैकी एकालाही त्याची लाज वाटायची नाही.

शेवटी मोलेफीच्या वकिलाने शक्कल काढली. पशुवैद्याकडून लिहून आणा म्हणाला. जिला पाल वाढवता येत नाही तिच्या हाती पोर कशी द्यायची, असं कोर्टाला विचारता येईल. केनेइल्वेला ते कळलं आणि तीही तडक दवाखान्यात येऊन बसली. पोर कायमची कोणाकडे जाणार, हे आता त्या डब्यातल्या जीवावर येऊन ठेपलं होतं.

डॉक्टर नेल बाईंनी त्यांना आत बोलावून नक्वेला तळहातावर घेतलं. तोंड पाहिलं, पोट पाहिलं, शेपूट चाचपली. दोघांनी आपापल्या घरची बडदास्त सांगितली, एकमेकांना तोडत, आवाज चढवत. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"रोग नाही, जंत नाहीत," त्या म्हणाल्या. "दोन्ही घरं उत्तम आहेत. तुमच्यापैकी कोणाचंही खाणंपिणं, ऊब, काही चुकत नाही."

हे ऐकून दोघांचेही चेहरे पडले.

"ही जात भित्री. नव्या जागी नेली की गुहेत दडून बसते, खात नाही. जागा आपली वाटायला तिला वेळ लागतो. जरा कुठे जीव रमतो, खायला लागते, तेवढ्यात तुम्ही तिला डब्यात घालता. अंगी लागायला आधी कुठेतरी राहावं लागतं. एकच घर ठरवा, नाहीतर ही वाढायची नाही. हवं तर तसं लिहून देते."

"माझं घर," दोघं एकदम म्हणाले.

मग जे सुरू झालं त्याला भांडण म्हणणंही कमीच. मोलेफीने टेबलावर मूठ आपटली. केनेइल्वेने त्याच्या आईचा उद्धार केला. त्याने तिच्या नोकरीच्या पाळ्या काढल्या, तिने त्याची नवी मैत्रीण काढली. वकील, कोर्ट, बघून घेईन, सगळं झालं. बाहेरचा कुत्रा भुंकायला लागला. बाईंच्या तळहातावर नक्वेने डोळे मिटून घेतले.

"डॉक्टर," लेसेदी म्हणाली, "तुम्ही लिहून दिलं की एकच घर मिळतं?"

"मिळायला हवं," बाई म्हणाल्या.

लेसेदीने बाईंच्या हातातून नक्वेला अलगद घेतलं, डब्यात ठेवलं, झाकण लावलं. बूट मात्र तिने पायांतून भिरकावले. एक भिंतीवर आदळला आणि त्याच्या टोकात कोंबलेला कापसाचा बोळा बापाच्या पायाशी घरंगळत आला. आईने तो पाहिला. बापानेही पाहिला. तोपर्यंत पोर मोज्यांवर व्हरांड्यात जाऊन कुत्र्यांच्या काट्यावर ताठ उभी राहिली होती.

"आता माझं करा," ती म्हणाली, "आणि मलाही तेच लिहून द्या."