इतवारीचा हात

रस्ता काही थांबायचं नाव घेत नव्हता. स्कूटर, स्कूटर आणि पुन्हा स्कूटर. एकीवर फ्रिज बांधलेला, एकीवर अख्खं कुटुंब. पायापुढे पांढरे पट्टे होते, पण हनोईत त्या पट्ट्यांना कोणी भीक घालत नव्हतं. पलीकडे बाहुल्यांच्या खेळाचं थिएटर होतं, त्याच्या दाराशी लागलेली रांग आत सरकत होती. आणि अलीकडे नागपूरच्या तिघी मायलेकी फुटपाथच्या कडेला अडकून पडल्या होत्या.

खुशी रडकुंडीला आली होती. पाण्यावर नाचणाऱ्या बाहुल्या बघायच्या म्हणून या तेरा वर्षांच्या पोरीनं घरात सगळ्यांचं डोकं खाल्लं होतं. उद्या सकाळी परतीचं विमान. तिकिटं आजची, आणि खेळ एकदा सुरू झाला की आत सोडत नाहीत, हे तिनंच कुठंतरी वाचून सांगितलं होतं.

"दीदी, चल ना," ती म्हणाली.

दीदी म्हणजे उन्नती, सतरा वर्षांची, या सहलीची कर्तीधर्ती. हॉटेल तिनं शोधलं, नकाशा तिच्या फोनमध्ये, जेवायचं कुठं तेही तीच ठरवणार. आईला, म्हणजे सुरुचीला, तर तिनं पहिल्याच दिवशी नियम घालून दिले होते. मोठ्यानं बोलायचं नाही. भाव करायचा नाही. अनोळखी माणसाच्या हातात चिवडा ठेवायचा नाही. आणि पहिलाच रस्ता ओलांडताना सुरुचीनं सवयीनं गाड्यांना थोपवायला हात वर केला, तर तो खाली ओढत ती म्हणाली होती की मम्मी, इथं असं कोणी करत नाही, लोक बघतात.

तेव्हापासून सुरुची मुकाट्यानं लेकींच्या मागं चालत होती. नागपुरात इतवारीच्या गजबजलेल्या बाजारात कपड्यांचं दुकान चालवणारी ही बाई, नोकर आणि एजंट दोघांनाही एका नजरेत ताळ्यावर आणणारी. पण इथं आल्यापासून तिला काय खातेस म्हणूनही कोणी विचारलं नव्हतं. तिला वाईट वाटत होतं.

उन्नतीनं एक पाऊल खाली टाकलं. एक स्कूटर इतक्या जवळून गेली की ती झटक्यात मागं आली. पुन्हा टाकलं, पुन्हा मागं. शेजारी एक गोरं म्हातारं जोडपं उभं होतं, त्यांच्यामागं पाठीवर बोजे लादलेली काही तरणी पोरं, तीही तशीच ताटकळलेली. उन्नतीनं फोन काढला. फोन म्हणत होता, सरळ जा.

लेक एकदा फोनकडे, एकदा रस्त्याकडे बघतेय हे सुरुचीनं पाहिलं आणि तिचा सगळा रुसवा तिथंच संपला.

"काहून घाबरून राहिल्या वं?" ती म्हणाली. "या इकडे. गाडीवाल्याच्या डोळ्यात पाहू नका. आपण पाहिलं का त्याले वाटते, हे थांबते. पळायचं नाही, अन् मागं तर बिलकुल यायचं नाही."

तिनं दोघींना सवयीनं आपल्या डाव्या बाजूला घेतलं आणि एक हात उजवीकडे दाखवत फुटपाथवरून उतरली. उतरल्याबरोबर कळलं, इथं तर गाड्या डावीकडून येतात! भर रस्त्यात तिनं लेकींना ओढून दुसऱ्या अंगाला घेतलं, हात बदलला आणि चालत राहिली.

गाड्या थांबल्या नाहीत. इतवारीत तरी कोण थांबतं? पण त्या वळल्या. कोणी पुढून, कोणी मागून, अगदी अंगाला घासून जाताहेत असं वाटावं, पण एकही लागली नाही. एक फुलांचे भारे लादलेला पोरगा सरळ अंगावर येऊ लागला तशी सुरुची खणखणीत आवाजात म्हणाली, "हळू गा भाऊ, लेकरं आहेत!" पोरगा हसला आणि बाजूनं निघून गेला. मराठी त्याला काय कळलं असेल ते त्यालाच माहीत. अर्ध्या रस्त्यात हात पुन्हा बदलावा लागला, कारण आता गाड्या उजवीकडून येत होत्या, आणि ही बाजू तर तिच्या रोजच्या सवयीची होती.

पलीकडे पोचल्यावर तिनं मागं वळून पाहिलं. म्हातारं जोडपं तिच्या पाठोपाठ आलं होतं, त्यांच्या मागं ती बोजेवाली पोरं, एकमेकांचे शर्ट धरून. म्हाताऱ्यानं टोपी काढून सुरुचीपुढं मान झुकवली. तिनं पर्समधून चिवड्याची पुडी काढली आणि त्याच्या हातात ठेवली. उन्नतीनं या वेळी तिला अडवलं नाही. ती अजून आईचं मनगट धरून उभी होती.

"मम्मी, चल लवकर, दार लावतील," खुशी ओढू लागली.

पण उन्नती रस्त्याकडे बघत होती. जिथं त्या मघाशी उभ्या होत्या, तिथं आता कडेवर मूल घेतलेली एक परदेशी बाई एकटीच अडकली होती. पाऊल पुढं, पाऊल मागं. उन्नतीनं आईचं मनगट सोडलं, फोन तिच्या हातात दिला आणि फुटपाथवरून खाली उतरली. कोणाच्या डोळ्यात पाहिलं नाही. हात वर केला.

फुटपाथवर उभ्या सुरुचीचाही हात आपोआप वर गेला होता. तो तिनं हळूच खाली घेतला.

"दीदी काय करते आहे? चल ना, मम्मी!"

"थांब वं," सुरुची म्हणाली. "आधी मले हे पाहू दे."