कुठली रेजिमेंट?

"मराठा लाइट इन्फन्ट्री," पंडितनं परस्पर उत्तर देऊन टाकलं.

प्रश्न विचारला होता भानुदासांना. उत्तरासाठी उघडलेलं त्यांचं तोंड तसंच मिटलं. डेलावेअर नदीच्या काठावर रविवारचा जुना बाजार भरला होता. एका टेबलावर लष्करातून मोडीत निघालेलं सामान मांडलं होतं, आणि भानुदासांच्या हातात मशीनगनची लोखंडी तिपाई होती. तिचे पाय कसे उघडतात, उंची कशी ठरवतात, हे त्यांनी नुकतंच त्या गोऱ्या विक्रेत्याला करून दाखवलं होतं. ते बघूनच पंडितच्या मित्रानं, हेमचंद्रनं, कौतुकानं विचारलं होतं, "काका, कुठल्या रेजिमेंटला होतात?"

"अरे वा, मराठा!" हेमचंद्र म्हणाला. "आपलीच माणसं."

भानुदासांनी तिपाई खाली ठेवली. त्यांच्या कानशिलावरची शीर उडत होती.

नागपूरहून ते मुलाकडे, पंडितकडे, अमेरिकेत पिस्कॅटवेला आले, त्याला तीन आठवडे झाले होते. पहिल्याच दिवशी दाराबाहेरच्या टपालपेटीवर त्यांनी 'नागपूरकर' असं वाचलं. मेश्राम कुठे गेलं, असं विचारल्यावर पंडित म्हणाला, "इथल्या लोकांना उच्चार जमत नाही, बाबा." काल हॉलमधला बाबासाहेबांचा फोटो बेडरूममध्ये गेला. आज हेमचंद्रच्या गाडीतून सहलीला जायचं होतं आणि तो न्यायला घरी येणार होता, म्हणून. भानुदासांनी हेही चालवून घेतलं. येताना गाडीत हेमचंद्रनं टाळी मागत म्हटलं, "कोट्यातल्या डॉक्टरच्या हातून मरायला नको, म्हणून तर आपण इकडे आलो. काय पंडित?" पंडितनं टाळी दिली. वर हसला. भानुदास खिडकीबाहेरची मक्याची शेतं बघत राहिले.

पण आता त्यानं पलटणच विकली होती.

बाजारातून ते नदीच्या काठाकाठानं खाली गेले. दोनशे दहा वर्षांपूर्वी ऐन हिवाळ्यात अमेरिकेच्या सैन्यानं होड्यांतून नदी ओलांडली, ती ही जागा. पंडितची बायको सुजाता आणि हेमचंद्रची विनीता झाडाखालच्या बाकावर डबे मांडायला गेल्या. हे तिघं गाइडपाशी उभे राहिले. गाइड तरणी पोरगी होती, पण जीव ओतून सांगत होती. किती तरी शिपायांच्या पायांत बूट नव्हते, म्हणाली. पायांना चिंध्या बांधून ते बर्फातून चालले. मागे रक्ताचे ठसे उमटले.

भानुदासांना तेवढं इंग्रजी नीट कळत होतं. लडाखच्या बर्फात त्यांच्या डाव्या पायाची दोन बोटं गेली होती, बासष्ट साली.

"तुमच्यापैकी कोणी सैन्यात होतं का?" गाइडनं विचारलं.

दोन म्हाताऱ्या अमेरिकनांनी हात वर केले. भानुदासांनीही केला. पंडितनं त्यांची बाही ओढली, पण हात खाली आला नाही.

"वंडरफुल! कुठलं युनिट, सर?"

"मराठा..." पंडितनं सुरुवात केली.

"नो!"

त्या आवाजानं पुढचं एक मूल दचकून आईला बिलगलं. भानुदासांनी टाचा जुळवल्या. "महार रेजिमेंट, मॅडम. मशीनगन्स. हवालदार भानुदास मेश्राम."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक म्हातारा पुढे येऊन त्यांच्याशी हस्तांदोलन करून गेला. पंडित नदीकडे बघत होता. हेमचंद्रचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो गाडीकडे निघून गेला.

"झालं तुमचं समाधान?" पंडित दबक्या आवाजात म्हणाला. "उद्या एडिसनच्या सगळ्या मराठी लोकांत होईल हे. इथं माणसं जोडायला मला किती वर्षं लागली, तुम्हाला काय माहीत!"

"ज्या नावाखाली माझी बोटं गेली, ते नाव तू भरबाजारात टाकून दिलंस," भानुदास म्हणाले. "लाज तुला त्या गाडीतल्या विनोदावर हसताना वाटायला पाहिजे होती. माझी कसली लाज वाटून राहिली तुला?"



तेवढ्यात हेमचंद्र परत येताना दिसला. भानुदास ताठ उभे राहिले. आता हा जे काही बोलेल, त्याचं उत्तर आज जागच्या जागी द्यायचं, असं त्यांनी ठरवलं. चाळीस वर्षांत ते एवढे चिडले नव्हते.

हेमचंद्र समोर येऊन थांबला. आजूबाजूला कोणी मराठी ऐकणारं नाही ना, हे त्यानं सवयीनं बघून घेतलं.

"जयभीम, काका," तो म्हणाला.

भानुदासांना वाटलं, हा थट्टा करतोय.

"माझे वडील सागरच्या छावणीत होते. तुमच्याच रेजिमेंटला, नाईकाच्या हुद्द्यावर." "घरचं आडनाव कांबळे. मी मुंबईतच बदललं. गाडीत ते बोललो ना... तसं बोललं की कोणाला संशय येत नाही. पंडितलाही येऊ नये म्हणून..."

पंडित मटकन खाली बसला. तीन वर्षं महिन्यातून एकदा ही दोन घरं एकत्र जेवत होती. तो हळूहळू हसायला लागला, मग त्याचे डोळे भरून आले. त्यानं वर हात केला आणि हेमचंद्रनं तो धरला.

दोघांना वाटलं, आता म्हातारा पोटाशी धरेल. पण भानुदासांचा संताप उतरला नाही, उलट मस्तकात गेला. त्यांनी दोघांकडे आळीपाळीनं बघितलं.

"मग हरामखोरांनो, तीन वर्षं तुम्ही दोघं लपत कुणापासून होतात?"