शहापूरचे पाहुणे

वाडीखाली जीप थांबल्याचा आवाज आला, तशी काजलनं नवी ओढणी खुंटीला टांगली आणि शेणाच्या पाटीत दोन्ही हात घातले.

आई पाहुण्यांना घ्यायला सकाळीच खाली रस्त्यावर गेली होती. कमळूमामानं शहापूरकडचं स्थळ आणलं होतं. "शिकलेली पोरगी पायजे त्यांना," मामा म्हणाला होता. "लगीन झाल्यावं कालेजात पन घालतील." बाप गेल्यापासून आई मामाच्या शब्दाबाहेर नव्हती.

काजलला फक्त थोडे दिवस हवे होते. मुरबाडला तिनं एका संस्थेची परीक्षा दिली होती. निवड झाली तर चार वर्षांची फी, वसतिगृह, सगळं संस्था करणार होती. निकाल पत्रानं कळेल, असं सर म्हणाले होते. पत्र येईपर्यंत हे स्थळ टाळायचं, एवढंच तिच्या हातात होतं.

"काजल तूच ना?" पिकल्या केसांच्या एक बाई अंगणात आल्या. मागे वही घेतलेला एक माणूस होता. "आम्ही शहापूरहून आलो. हे किशोरभाऊ. तुझ्या आईनंच खाली वाट दाखवली."

"बसा," काजल म्हणाली. पाणी विचारलं नाही.

किशोरभाऊ घरभर नजर फिरवत होते. कुडाच्या भिंती, पत्रे, कोपऱ्यातली पुस्तकं. पुस्तकं आधीच लपवायला हवी होती, असं तिला वाटून गेलं.

"बारावीला चांगले मार्क पडले म्हणे?"

"कशीबशी पास झाले."

बाईंनी किशोरभाऊंकडे पाहिलं. "आणि ही पुस्तकं?"

"शेजारच्या भाविकाची. मला वाचायचा कंटाळा येतो."

शिकलेली हवी ना यांना? मग घ्या.

"कल्याणला राहावं लागेल. घरापासून लांब. जमेल?"

"नाय. मी आईला सोडून कुठंच जानार नाय."

"पहिले काही महिने जड जातात," बाई समजुतीनं म्हणाल्या. "मग सवय होते. मधेच कोणी सोडून आलं की आम्हालाही वाईट वाटतं, म्हणून आधी विचारतो."

"मी तर आठ दिवसांत पळून येईन."

बाई हसल्या नाहीत. पुढे सरकून बसल्या. शेणानं भरलेला तिचा हात त्यांनी तसाच हातात घेतला.

"घाबरू नकोस, बाळ. कोणी काही शिकवलंय का तुला? खरं सांग. पुढे शिकायची इच्छा आहे ना?"

असं तिला घरात कोणी विचारलं नव्हतं. सासू म्हणून ही बाई वाईट नव्हती. पण एकदा हो म्हटलं की मामा मुहूर्तच काढणार.

तिनं हात सोडवून घेतला.

"नाय. अजिबात नाय."

बाई हळूच म्हणाल्या, "लिहा किशोरभाऊ. आणि निघू या. टोकावड्याच्या मुलीकडे जायचंय अजून."

जीप वळणाआड गेली तशी काजल मटकन ओट्यावर बसली. तिला हसू येत होतं. सुटले.

अर्ध्या तासानं तिची आई बुधी धापा टाकत चढण चढून आली.

"मामाचा फोन आलेला गो. त्यांच्यात कोन वारलं, पावनं आज नाय येत." तिनं पदरानं तोंड पुसलं. तोंडभर हसू होतं. "पन तुझ्या त्या मुरबाडच्या परीक्षेच्या बाई भेटल्या ना? मना म्हनत व्हत्या, पोर पैली आलीय, आता शिकायचंय का येवढंच तिच्या तोंडून ऐकायचं ऱ्हायलंय."