शून्य कचऱ्याचं सर्टिफिकेट

व्हँकुव्हरमध्ये ‘शून्य कचरा’ कोर्स पहिल्या नंबरानं पास झालेली ब्रिन सर्टिफिकेट घेऊन सस्कॅचवन प्रांतातल्या खेड्यात आली, आजीला शहाणं करून सोडायला. आल्या आल्या तिनं फ्रीजरमधला आइस्क्रीमचा डबा उघडला. आत बिटाचं सूप! दुसऱ्यात मटार. फळीवरच्या तिसऱ्यात कपड्यांचे चिमटे.

“आजी, आइस्क्रीम कुठंय गं?”

“ते तुझ्या आईच्या लग्नात संपलं. डबे तेवढे राहिले.”

खिडकीबाहेर दोरीवर पावाच्या धुतलेल्या पिशव्या वाळत होत्या. ब्रिननं तरीही सर्टिफिकेट पुढे केलं. आजीनं चष्मा लावून ते कौतुकानं वाचलं. आता हे भिंतीवर लागणार, असं ब्रिनला वाटलं.

 

आजीनं ते उलटून पाहिलं. “अगंबाई, मागची बाजू कोरी आहे की! किराण्याच्या यादीला झालं.”