अडेनियमला रोज पाणी

"रोज सांजच्याला झाडाला पाणी घाल. इसरू नको," लंकाबाई गोजरबाईच्या दारातून म्हणाली. रस्त्यावर जीपवाला हॉर्न वाजवत होता. नात हर्षाली भोसरीत बाळंत झाली होती. लंकाबाई महिनाभर तिच्याकडे निघाली होती.

गोजरबाई आत भिंतीला टेकून बसली होती. "दुसऱ्या कुणाला सांग की."

"कुणाला सांगू? माझ्या घराला कुलूप."

"कुठलं झाड? ते पोटाळं? तुझ्या जावयावानी?"

"त्येच."

लंकाबाई हसली. गोजरबाई हसली नाही, पण "बघते" म्हणाली.

दोघी एकाच वर्षी महाळुंगे पडवळला नांदायला आल्या होत्या. एकमेकींच्या वावरात त्यांनी कांदा लावला, खुरपला, काढला. मग गोजरबाईचा नवरा सावळेराम गेला आणि त्याच्याबरोबर तिने उंबऱ्याबाहेरचं जगही सोडलं. वर्षश्राद्ध होऊन गेलं तरी ती बाहेर पडेना. मुलगा, सून समजावून थकले. "कशाला निघू? काय काम हाय भाईर?" एवढंच म्हणायची. ते खरंही होतं. पाणी, शेत, दळण. या बायका जन्मभर कामासाठीच बाहेर पडल्या होत्या. नुसतं फिरून येणं त्यांना ठाऊक नव्हतं.

म्हणून लंकाबाईने काम काढलं होतं.

जीप निघाली तेव्हा तिने एकदा मागे वळून आपल्या अंगणातल्या कुंडीकडे, त्या फुगीर बुंध्याच्या अडेनियमकडे पाहिलं. मंचरच्या नर्सरीवाल्याने बजावलं होतं, "आजी, हे वाळवंटातलं झाड. याला उपास चालतो, लाड चालत नाहीत. रोज पाणी दिलंत तर सडलंच म्हणून समजा." तिने ते वाळू-मुरमात लावलं, भर उन्हात ठेवलं, पावसाळ्यात पडवीत घेतलं. आता महिन्याभरात त्याचा बुंधा मऊ पडणार होता. पडू दे, तिने मनाशी म्हटलं. झाड दुसरं आणता येतं.

ती परतली तेव्हा ऊन कलत होतं. अंगणात पाऊल टाकलं आणि ती थबकली. झाडाची पानं बरीचशी गळली होती, पण उघड्या फांद्यांवर गुलाबी फुलंच फुलं होती. इतकी कधीच आली नव्हती. तिने बुंधा दाबून पाहिला. टणक. माती बोटाने उकरली. खालपर्यंत कोरडी ठणठणीत.

लंकाबाई पिशवी तशीच टाकून पायरीवर बसली. तिला त्या फुलांकडे बघवेना. गोजर एक दिवससुद्धा आली नव्हती.

"आलीस व्हय? पोरगी हाय का पोरगा?"

डोईवर पदर, हातात तांब्या. गोजरबाई अंगणात उभी होती.

"पोरगी," लंकाबाई कशीबशी म्हणाली. "गोजर, अगं, झाडाला पाणी..."

"थेंब न्हाई घातला. पहिल्याच दिशी बुंधा दाबला, तर आतून भरल्याला. शेतात जलम गेला माझा, आन् मला फसवती व्हय?" ती शेजारी टेकली. "रोज येते. घडीभर बसते. जाताना शेजारची मंगल च्या पाजती. लई बोलती बाई ती."

लंकाबाईने तांब्यात डोकावून पाहिलं. रिकामा होता.

"मग ह्यो कशाला आणती?"

"आता बया!" गोजरबाई म्हणाली. "लोकं इचारत्यात ना, कुठं निघाली म्हणून. हातात कायतरी काम दिसाय नको?"