सव्वाआठची फियाट

चिंचणीत आजवर कोणी कोणावर इतक्या निष्ठेने सूड उगवला नसेल. गोदूबाई तो रोज सकाळी सव्वाआठला उगवत असे. सोमवार आणि चतुर्थी सोडून. त्या दिवशी गिऱ्हाईक मासळी खात नाही, म्हणून सुडालाही सुट्टी.

आजही आकाशी रंगाची, १९६६ सालची फियाट कमलाकांतांच्या वाडीच्या फाटकासमोर येऊन थांबली. चालवायला मुलगा शैलेश. मागच्या सीटवर गोदूबाई, मांडीवर सुक्या बोंबलांची पाटी. डिकीत जवळा. दोन महिने रोज बोईसरचा बाजार करून गाडीची अशी कीर्ती झाली होती की गावातली मांजरं तिला वेशीपर्यंत पोचवायला यायची.

"काचा खाली कर," गोदूबाई म्हणाली. "चारी."

सहा वर्षांपूर्वी ही गाडी याच फाटकाच्या आत, कापडाखाली उभी असायची. दसऱ्याला तिला झेंडूचा हार मिळायचा आणि वर्षातून एकदा जुन्या गाड्यांच्या मिरवणुकीत एक फेरी. सून चारुताला कळा सुरू झाल्या त्या दुपारी गोदूबाई गाडी मागायला हेच फाटक धरून उभी राहिली होती. कमलाकांत म्हणाले होते, "गोदूबाई, ही क्लासिक गाडी आहे. मासळीचा वास एकदा शिरला की संपलं."

नात मासळीच्या टेम्पोत, बर्फाच्या खोक्यांमध्ये, बोईसरच्या अलीकडे जन्मली. आता पहिलीत आहे, ठणठणीत आहे. गोदूबाई मात्र अजून त्या फाटकाशीच उभी होती.

मग कमलाकांतांच्या मुलाने, केतनने, बडोद्याला बसून गाडी ऑनलाइन विकायला काढली आणि शैलेशने फोनवरच ती घेऊन टाकली. "ठेवणार कशी?" केतनने विचारलं होतं. "ठेवणार नाय, रोज वापरणार," शैलेश म्हणाला. केतनला ते फार आवडलं.

गेल्या दोन महिन्यांत शेजारच्या निमेशच्या होमस्टेतून मुंबईचे पाहुणे दोनदा मुक्काम अर्धा टाकून गेले होते. ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं त्याच्या कपाळाला मात्र एक आठी नाही. कमलाकांत रोज बाहेर येत, बॉनेटवरून हात फिरवत आणि टायरमधल्या हवेची चौकशी करत. माणसाला ताठा असावा तरी किती, या विचाराने गोदूबाईची झोप उडाली होती.

म्हणून आज पुढच्या सीटवर एक झाकणाची बादली होती. आत खतासाठी चार दिवस उन्हात ठेवलेली मासळी.

"आये, चक्कर येतेय मला," शैलेश रुमालाआडून म्हणाला.

"तुझ्या बायकोनं बर्फावर कळा सोसल्या. तू नाक धर नि गप बस."

कमलाकांत झाडांना पाणी घालायचा पाइप टाकून लगबगीने आले. त्यांनी खिडकीतून थेट आत डोकं घातलं आणि स्टिअरिंगजवळच्या गिअरच्या दांड्याकडे कौतुकाने पाहिलं. गोदूबाईने मागून हात लांबवून बादलीचं झाकण काढलं. निमेशचा कुत्रा उठून दुसऱ्या आळीत गेला. शैलेश दार उघडून बाहेर पडला. कमलाकांतांचं नाक बादलीपासून वीतभर अंतरावर होतं.

"कसं काय वाटतंय, भाऊ?"

"खरं सांगू?" कमलाकांतांचे डोळे भरून आले होते. "माझ्याकडे ती नुसती उभी होती. तुम्ही तिला जिवंत केलंत, गोदूबाई."

गोदूबाईने दोन महिन्यांत बऱ्याच उत्तरांची तयारी केली होती. हे त्यात नव्हतं.

"वास नाय येत तुमाला?" ती ओरडली. पाटीतले बोंबील मांडीवरून खाली सांडले. "सडलेली मासळी हाय ती! तुमच्या क्लासिकमदी! माझी सून हितं दारात तळमळत होती नि तुमाला वासाची पडलेली. आता घ्या ना! घ्या भरून!"

कमलाकांतांनी डोकं बाहेर काढलं.

"वास? येत असणारच," ते सभ्यपणे म्हणाले, आणि त्यांनी मागे बायकोकडे पाहिलं.

हिमानीवहिनी नाकाला पदर लावून, हातात स्टीलचा डबा घेऊन फाटकाशी आल्या होत्या.

"आधी ते झाकण लावा, गोदूबाई," त्या म्हणाल्या. "आणि पाव किलो बोंबील द्या. ह्यांना काय विचारता? करोना झाल्यापासून ह्यांना कसलाच वास येत नाही."