बेलडोहचा पत्ता

"बेलडोह? ते तं धरणात गेलं," चहावाला म्हणाला.

प्रितमने हेल्मेट काढून टाकीवर ठेवलं. पुण्याहून निघाल्याचा चौथा दिवस होता. जालन्यापुढे चेन तुटली, मेहकरच्या ढाब्यावर मदतीला धावलेल्या एका भल्या माणसाने मोबाइल लांबवला, आणि आता कारधाच्या नाक्यावर कळत होतं की जायचं ते गावच पाण्याखाली आहे.

"मग तिथली माणसं?"

"तीन पुनर्वसनांत वाटली. कोन पायजे तुमाले?"

"बाबूलाल. सूरजचे वडील."

बाकावरचा एक माणूस अर्धा चहा टाकून उठला. साठीकडे झुकलेला, खांद्यावर दुपट्टा. त्याने गाडीभोवती फेरी मारली, नंबर वाचला. मग प्रितमच्या छातीशी बांधलेल्या पिशवीकडे बघत राहिला. पिशवीतून मडक्याचं फडक्याने बांधलेलं तोंड डोकावत होतं.

"मी दाखवतो. चाला," तो म्हणाला आणि मागे बसलाही.

सूरज प्रितमच्या खोलीत राहायचा. दोन वर्षांपूर्वी बापाशी भांडून याच गाडीवर पुण्याला आला होता आणि घरचा नंबर त्याने कुणालाच दिला नव्हता. तापाने चार दिवसांत गेला. लायसन्सवरच्या पत्त्यावर पाठवलेलं पत्र परत आलं, शेवटी मित्रांनीच अग्नी दिला. अस्थी आणि गाडी बापाच्या हाती सोपवायची आणि झालं ते समोर बसून सांगायचं, यासाठी प्रितम एकटाच निघाला होता. नाहीतर तो म्हातारा जन्मभर रस्त्याकडे बघत बसला असता. हे काम अर्धवट राहिलं तर सूरजला काय तोंड दाखवायचं, असं त्याला वाटत होतं.

पवनीच्या रस्त्याला लागल्यावर मागून आवाज आला, "पिशवी जड होत असंन. मी धरतो."

"नको," प्रितम म्हणाला. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, त्यातलं त्याचं झालं होतं.

थोड्या वेळाने एक गोष्ट त्याला खटकू लागली. खेड्यातला माणूस अनोळख्याला आधी गाव विचारतो, मग काम, मग जमलं तर पगारही. याने एका शब्दाने काही विचारलं नव्हतं. प्रितमने आपण होऊन सुरुवात केली, "मी पुण्याहून..." तर तो घाईने म्हणाला, "समोर पाहा जी, खड्डे आहेत."

अड्याळला मागचं चाक बसलं. माणसाने ओळखीचं दुकान दाखवलं आणि पंक्चरवाल्याच्या कानात काहीतरी पुटपुटला. पंक्चरवाल्याने गाडीकडे पाहिलं आणि एका पंक्चरला दोन तास लावले. वर पैसेही घेतले नाहीत. फुकट काम करणाऱ्याची प्रितमला आता जास्तच भीती वाटायला लागली होती.

त्या दोन तासांत तो माणूस दुकानामागे फोनवर बोलत होता. प्रितमने भिंतीआडून ऐकलं.

"तुमसरवरून गाडी निघाली का? पाचच्या आत मी याले पोचू देत नाही. चार जणं दारातच उभे ठेव. अन् कोनाले काही बोलू नोको."

प्रितम पळायची वाट शोधू लागला. पण गाडीचं चाक काढलेलं होतं, मोबाइल नव्हता, आणि पोलिसांना सांगायचं तरी काय?

पहिल्या पुनर्वसन वसाहतीत माणसाने त्याला हातपंपापाशी थांबवलं. "अनोयखी माणसाले लोक सांगत नाहीत," म्हणून एकटाच एका घरात गेला. दारातल्या बाईने प्रितमकडे पाहिलं आणि झटकन आत गेली. माणूस परत आला. "इथं नाही."

तेवढ्यात त्या घरातून दोघं जण मोटारसायकल काढून धरणाच्या दिशेने सुसाट निघून गेले.

दुसऱ्या पुनर्वसनात माणूस पाणी प्यायला गेल्याचं बघून प्रितमने एका म्हाताऱ्याला गाठलं. "बाबूलाल कुठे राहतात?"

म्हाताऱ्याने तोंड उघडलं, प्रितमच्या खांद्यावरून मागे पाहिलं आणि गप्प झाला. माणूस मागेच उभा होता.

धानाच्या पुंजण्यांमधून, कापून रचलेल्या ढिगांमधून, रस्ता धरणाकडे जात होता. ऊन कलायला लागलं होतं. प्रितमने करकचून ब्रेक दाबला.

"खरं सांगा. गाडी पाहिजे तुम्हाला? गाडी घ्या. पण ही पिशवी मी बाबूलालशिवाय कुणाला देणार नाही."

माणसाने घड्याळात पाहिलं.

"पाच वाजले. आता नेतो. थोडा वेळ मले धरू द्याल पिशवी?"

"नाही म्हटलं ना!"

"बरं," तो म्हणाला.

तिसरं पुनर्वसन दोन किलोमीटरवर होतं, पाटी दिसत होती. इतकं येऊन मागे फिरणं प्रितमला जमेना. जे व्हायचं ते होवो म्हणत त्याने गाडी दामटली.

टोकाच्या घराच्या अंगणात वीस-पंचवीस माणसं गोळा झाली होती. कुणी बोलत नव्हतं. मोटारसायकलवरून गेलेले ते दोघंही होते. एक तरुण बाई भाड्याच्या गाडीतून उतरत होती. दारातली चार माणसं पुढे आली. एकाने हँडल धरलं, दुसऱ्याने चावी काढून घेतली. प्रितमने दोन्ही हातांनी पिशवी घट्ट आवळली. मागचा माणूस उतरला आणि कुंपणाला धरून उभा राहिला.

तेवढ्यात कापणीवरून परतलेली एक बाई, हातात विळा तसाच, गर्दीतून वाट काढत आली. गाडी बघताच तिचा चेहरा उजळला. तिने रस्त्यावर लांबवर नजर टाकली, मग त्या माणसाकडे वळली.

"अवो सूरजचे बाबा, पोरगा कुठं आहे जी? अन् हे एवढे लोक आपल्या घरी काहून आले?"